गाडीच्या ऑइलची लॅब तपासणी: पैसे वसूल

आमची दहा चाकी लासलगाव-वाशी कांद्यावर असते. 2018 ची, बीएस-4. मार्चमध्ये पीयूसीला धुराचं रीडिंग 1.1 आलं, मर्यादा 1.62. इंजिन ठणठणीत आहे असंच मी धरून चाललो. पण ऑइल बदलून आठ हजार किलोमीटर होतायत तोवर डिपस्टिकवरून ते काकवीसारखं ओघळायला लागलं. गॅरेजवाला म्हणाला, "डिझेलचं ऑइल काळंच असतं शेठ, चालवा." मन मानेना. पुण्यातल्या एका लॅबला नमुना पाठवला.

नमुना कसा काढायचा ते त्यांनी फोनवर नीट सांगितलं: इंजिन गरम असताना डिपस्टिकच्या भोकातून नळी घालून मधलं ऑइल ओढा, तळाचं नको. सहाव्या दिवशी रिपोर्ट आला. काजळी 4.2 टक्के, लोखंड वाढलेलं, दाटपणा हाताबाहेर.

खरी किंमत वसूल झाली ती तिथल्या मॅडमशी बोलताना. सायलेन्सरच्या तोंडाशी बोट फिरवलं तर कोरडी भुकटी लागते, फुंकरीनं उडते. ऑइलमधली काजळी हाताच्या रेषांत बसते, साबणालाही जुमानत नाही. मग ही वेगळी का? त्या म्हणाल्या, मूळ एकच. कार्बनचे 20-30 नॅनोमीटरचे गोळे, द्राक्षाच्या घडासारखे एकमेकांना चिकटलेले. बाहेर जाते तिच्यावर अर्धवट जळलेल्या डिझेलचा अंश बसतो. सिलिंडरच्या भिंतीवरच्या ऑइलमध्ये अडकते ती रिंगांबरोबर खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरते, आणि तिला ऑइलमधलं कॅल्शियम, जस्त, फॉस्फरस चिकटतं. काजळी सुटी ठेवणारं ॲडिटिव्ह संपलं की घड जमतात, ऑइल दाटतं, कॅम-रॉकरसारखे इंजिनाचे भाग घासायला लागतात. आणि पीयूसी होते गाडी उभी असताना, बिनलोड. कसारा घाटातला लोड त्यात कुठून दिसणार?

ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप, खोलला तर कार्बननं अर्धवट उघडा अडकलेला. साफ केला, डिझेल इंजिनासाठीचं सीके-4 दर्जाचं 15डब्ल्यू-40 ऑइल भरलं. पुन्हा आठ हजारांवर तपासलं: 1.6 टक्के.

तक्रार एकच, रिपोर्ट नुसता इंग्रजीत असतो. आमच्या ड्रायव्हरला त्यातले टिपकागदावर टाकलेल्या ऑइलच्या थेंबांचे फोटो तेवढे कळले. पहिल्या तपासणीतल्या थेंबाचा मधोमध डांबरासारखा ठिपका, भोवती कोरडं कडं. दुसऱ्या तपासणीतला राखाडी, कडेपर्यंत सारखा पसरलेला. तो फोटो त्यानं केबिनमध्ये लावलाय आणि आता दर दोन ट्रिपांनी स्वतः टिपकागदावर थेंब टाकून बघतो.