उजनीच्या मोठ्या माशासाठी फ्लाय रॉड: सात, आठ, नऊ की दहा नंबर?

पैसे एकाच रॉडपुरते आहेत आणि डोळ्यांसमोर उजनी धरणातला मोठा मासा आहे, अशा माणसासाठी हे लिहितोय. सोलापुरात फ्लाय रॉड हातात धरून, हलवून बघता येईल असं दुकान सापडणं अवघड. खरेदी ऑनलाइन आणि न बघताच करावी लागते, म्हणून नंबर आधी डोक्यात पक्का हवा. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: बहुतेकांनी आठ घ्यावा. सात आणि नऊ कोणी घ्यावा तेही पुढे येईलच.

रॉडवरचा नंबर त्याला झेपणाऱ्या लाइनचा, म्हणजे फेकायच्या जाड दोरीचा असतो. फ्लाय म्हणजे पिसं, केस आणि दोरा गुंडाळलेला गळ. त्याला स्वतःचं वजन जवळपास नसतंच. तो लांब जातो तो जाड लाइनच्या वजनावर. लाइनचे पुढचे 30 फूट तोलले तर सात नंबरचे 12 ग्रॅम, आठचे साडेतेरा, नऊचे साडेपंधरा आणि दहाचे 18 ग्रॅम भरतात. म्हणजे दहाची लाइन सातच्या दीडपट. फ्लाय जेवढी मोठी आणि वारा जेवढा जोराचा, तेवढी जड लाइन लागते. मासा किती किलोचा आहे हा विचार त्यानंतरचा.

पाच किलोच्या माशाला मोठा रॉड लागणारच, असं वाटत असेल तर घरी एक प्रयोग करून बघा. भंगारवाले वापरतात तसला स्प्रिंगचा ताणकाटा खिडकीच्या गजाला अडकवा, त्याला लाइन बांधा, दहा-बारा पावलं मागं जा आणि रॉड उभा धरून जोर लावा. रॉड पार वाकतो, मनगट दुखायला लागतं, तरी काटा दोन किलोकडं सरकता सरकत नाही. आता रॉड खाली, जवळजवळ आडवा करा आणि मुठीजवळच्या जाड भागावर ताण घ्या. काटा लगेच पुढं जातो. पुढं 16 पौंडांचा तंगूस बांधलाय, म्हणजे तो सात किलोला तुटणार. माशाला दमवायचं काम रॉडच्या नंबरापेक्षा तुमच्या कोनावर जास्त अवलंबून असतं, हे या काट्यावर स्वच्छ दिसतं.

मग आपल्या पाण्यात फ्लाय केवढी लागते? चिलापी छोट्या फ्लायवर येते, तिला सात नंबरही जास्तच. मरळ गवताच्या कडेला बेडकासारख्या पृष्ठभागावर तरंगणाऱ्या फ्लायवर झडप घालते. ही फ्लाय फुगीर असते, हवेत अडते, आणि मरळ लागली की तिला लगेच गवतातून बाहेर ओढावं लागतं. शिवडा दुसरे मासे खाणारा, त्याला बोटभर लांबीची, माशासारखी दिसणारी फ्लाय लागते. ती भिजली की चांगली जड होते. कटला मात्र पाण्यातलं बारीक जीवजंतू गाळून खाणारा, रोहूचा कल शेवाळ आणि वनस्पतीकडं. हे दोघे मोठे होतात, पण फ्लायवर क्वचितच येतात. त्यांच्या आकाराकडं बघून दहा नंबर घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

सात नंबर हलका, दिवसभर चालवला तरी खांदा बोलत नाही. सकाळी वारा पडलेला असताना चिलापी आणि लहान-मध्यम मरळ यांच्यासाठी तो उत्तम. शाळा-कॉलेजातलं पोर किंवा बारीक हाताचा माणूस शिकत असेल तर मी त्याला सातच सुचवीन. पण दुपारी वारा उठला की फुगीर फ्लाय सातवर वळत नाही, परत येऊन टोपीत रुतते. उजनीचं पाणी उघडं आहे, आडोसा कुठंच नाही. मे 2024 मध्ये कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण गेले. तो वारा ज्याला माहीत आहे तो होडीतून फ्लाय टाकायचा हट्ट करणार नाही. काठावर राहा, आणि काठावरूनच वाऱ्याला पुरून उरेल असा रॉड घ्या.

आठ नंबर इथंच जिंकतो. बेडूक-फ्लाय आणि शिवड्याची फ्लाय दोन्ही तो फेकतो, वाऱ्यात तग धरतो, आणि मुठीजवळ एवढी ताकद असते की मरळ गवतात शिरायच्या आत वळते. चिलापीवर तो जरा जड वाटतो, पण मजा जात नाही. उद्या कावेरीकडं किंवा उत्तराखंडात महासीरसाठी जायचा योग आला तरी हाच रॉड चालतो. दुसरा घ्यावा लागत नाही.

नऊ नंबर त्यांच्यासाठी, जे सुट्टीला दरवेळी कोकणात उतरतात आणि खडकावरून समुद्रात फ्लाय टाकणार आहेत. तिथला वारा आणि खारं पाणी बघता नऊ योग्य. पण फक्त उजनीसाठी आठवरून नऊवर जाऊन हाताला फार काही लागत नाही. दहाबद्दल थोडक्यात सांगतो: नवशिक्याने दहा घेतला तर तासाभरात हात भरून येतो, फेक बिघडते आणि रॉड माळ्यावर जातो. दहा किलोच्या पुढचा शिवडा हेच ज्याचं एकमेव ध्येय आहे आणि ज्याला फेकायला आधीपासून येतं, त्यानेच त्या वाटेला जावं.

एक गोष्ट मात्र जड रॉडच्या बाजूने बोलते, आणि ती मला महत्त्वाची वाटते. एप्रिल-मेमध्ये उजनी उतरते, उथळ पाणी तापतं आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो. अशा वेळी मासा बराच वेळ खेळवला तर सोडल्यावरही जगत नाही. शिवडा आधीच संख्येने कमी होतोय, तो सोडूनच द्यायला हवा. त्यासाठी त्याला झटपट काठाला आणणारा रॉड हवा, आणि सातपेक्षा आठ हे काम नक्कीच चांगलं करतो. भर उन्हाळ्यात दुपारी मोठ्या माशाच्या मागं लागूच नये.

आता पैसे. अमेरिकेतल्या नामांकित कंपन्यांचे वरच्या श्रेणीतले रॉड हजार डॉलरच्या घरात जातात. त्यांचा विचार सोडा. त्यांची आयुष्यभराची वॉरंटीही सोलापूरहून तुटलेला तुकडा परदेशी पाठवायचा म्हटलं की कागदावरच राहते. मधल्या किंवा खालच्या श्रेणीतला नऊ फुटी, चार तुकड्यांचा ग्राफाइट रॉड पुरेसा आहे. शंभर रुपयांतले चाळीस रॉडला, पस्तीस लाइनला आणि उरलेल्यात रील, बॅकिंग (लाइनच्या मागं रीलवर गुंडाळायचा बारीक दोरा), तंगूस बसवा. साधा रॉड चांगल्या लाइनवर सुरेख चालतो. महाग रॉड भिकार लाइनवर चालत नाही.

लाइन घेताना पाकिटावर ‘ट्रॉपिकल’ लिहिलंय का ते बघा. बाजारातल्या बऱ्याच लाइन थंड पाण्यातल्या ट्राउटसाठी बनवलेल्या असतात. आपल्या चाळीस अंशांत त्या मऊ, चिकट होतात आणि रॉडच्या कड्यांमधून सरकत नाहीत. ट्रॉपिकल लाइनचा गाभा कडक असतो. डिसेंबरच्या पहाटे तीच लाइन स्प्रिंगसारखी वेटोळी राहते, तेव्हा फेकण्याआधी दोन्ही हातांनी ताणून घ्या. पहिली लाइन तरंगणारी, पुढं जाड असलेली घ्यावी. बुडणारी लाइन नंतर बघू. तोवर लाइनच्या टोकाला, फ्लायच्या आधी, बुडणारा लीडर (बारीक जोडदोरा) लावून काम भागतं.

रीलवर फार खर्च नको. आठ नंबरची लाइन आणि 20 पौंडी बॅकिंग शंभर यार्ड मावलं, ब्रेक न अडकता फिरला की झालं.

जुना रॉड मिळत असेल तर जोड तपासा. चारही तुकडे घट्ट बसवून हलके फिरवा. जोड खुळखुळत असेल किंवा तिथं केसासारखी रेघ दिसत असेल तर घेऊ नका. कड्यांच्या आतून कापूस फिरवून बघा. तंतू अडकले तर ते कडं लाइन कापणार. टोकाचा तुकडा बाकीच्या तुकड्यांपेक्षा आखूड दिसला तर तो कधीतरी मोडून परत बसवलेला आहे, आणि असा रॉड अर्ध्या किमतीतही महागच पडतो.