घरगुती प्रोजेक्टरसाठी १०० वॅटची एलईडी चिप: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

जुन्या ७ इंची एलसीडी पॅनेलमागची बॅकलाइट काढून, दोन फ्रेनेल भिंगे (वर्तुळाकार खाचा असलेली पातळ, सपाट भिंगे) आणि एक प्रक्षेपक भिंग जोडून मी घरीच प्रोजेक्टर तयार केला. भिंगे आणि लाकडी पेटी यांचे काम दोन आठवड्यांत संपले. दिवा कोणता लावावा या प्रश्नाने मात्र तीन महिने घेतले. अखेर १०० वॅटची चौकोनी एलईडी चिप पक्की केली आणि गेले आठ महिने, आठवड्यातून साधारण चार संध्याकाळी, ती दोन-दोन तास वापरत आहे.

आरंभी मी हॅलोजनची ५०० वॅटची नळी लावून पाहिली होती, कारण ती हाताशी होती आणि तिला ड्रायव्हर (एलईडीला योग्य वीज पुरवणारे उपकरण) वगैरे काही लागत नाही. वीस मिनिटांतच चित्राच्या मधोमध काळा डाग उमटला आणि पाहता पाहता पसरू लागला. पॅनेल इतके तापले होते की त्यातील द्रवस्फटिकांची रचनाच विस्कटली होती. दिवा बंद करून पॅनेल थंड होऊ दिल्यावर डाग नाहीसा झाला, परंतु पोलरायझरच्या (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणाऱ्या) पटलावर पडलेली पिवळी झाक कायमची राहिली. पांढरे ढग दाखवणारे दृश्य आले की ती आजही दिसते. हॅलोजनची बहुतेक वीज उष्णतेत जाते आणि त्यातील अवरक्त किरण प्रकाशाबरोबर थेट पॅनेलवर येतात, त्यामुळे पंखा कितीही मोठा लावला तरी हा मार्ग मला पटत नाही. शिवाय नळीतील तार लांब असते आणि लांबट स्रोताचा प्रकाश भिंगाला नीट गोळा करता येत नाही.

हा दुसरा मुद्दा नवख्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही, माझ्याही आला नव्हता. खोक्यावर छापलेला ल्युमेनचा, म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या एकूण प्रकाशाचा, आकडा पाहून आपण दिवा निवडतो. प्रत्यक्षात तो प्रकाश किती लहान जागेतून बाहेर पडतो, यावर पडद्यावरचा उजेड अधिक अवलंबून असतो. दहा-बारा साधे एलईडी बल्ब एकत्र लावले तर खोली उजळून निघते, पण चित्र अंधूकच राहते, कारण त्यांचा पसरलेला प्रकाश प्रक्षेपक भिंगाच्या तोंडातून जातच नाही. माझ्या चिपचा प्रकाशणारा भाग जेमतेम दोन-सव्वादोन सेंटीमीटरचा चौरस आहे, आणि तिची खरी किंमत त्यातच आहे. मेटल हॅलाइड दिवाही चांगला असतो. मात्र त्याला बॅलास्ट (दिवा पेटवून त्याचा प्रवाह आवरणारे उपकरण) लागतो, पूर्ण तेजावर यायला काही मिनिटे जातात आणि मध्येच वीज गेली तर दिवा निवेपर्यंत पुन्हा लागत नाही.

एलईडीकडून अपेक्षा मात्र बेताच्याच ठेवाव्यात. पॅनेलचा पहिला पोलरायझर निम्म्याहून अधिक प्रकाश अडवतो, रंगांच्या गाळण्या उरलेल्याचा मोठा हिस्सा खातात, आणि शेवटी शंभरातले पाचेक भागच पलीकडे पोहोचतात. चिपमधून ७५०० ल्युमेन निघतात आणि त्यातले निम्मे पॅनेलवर पडतात असे उदारपणे धरले, तरी हिशोब २०० ल्युमेनच्या आतच संपतो. काळोख्या खोलीत ६० इंची चित्राला एवढे पुरते. हौसेने मी ते १०० इंचांपर्यंत ताणून पाहिले, तेव्हा उजेड जवळजवळ एक-तृतीयांशावर आला आणि रात्रीच्या प्रसंगांत पात्रांचे चेहरेही ओळखू येईनात.

एलईडीची उष्णता समोर न येता पाठीमागच्या धातूच्या पट्टीतून बाहेर पडते. म्हणून पॅनेल वाचते, पण चिपला जपावे लागते. मी संगणकाच्या प्रोसेसरचा जुना हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूचा पत्रेदार ठोकळा) पंख्यासह बसवला आहे. पहिल्या खेपेला थर्मल पेस्ट (चिप आणि हीटसिंकमधील फट भरून उष्णता वाहून नेणारा लेप) अधिक चांगली लागेल या समजुतीने जाड थापली होती, तेव्हा हीटसिंक कोमट आणि चिप मात्र भाजणारी, असा उलटा प्रकार झाला. ती पुसून पातळ थर दिला आणि चारही स्क्रू सारखे आवळले, तेव्हा उष्णता खाली उतरू लागली. पंख्याच्या १२ व्होल्टऐवजी मी ९ व्होल्ट देतो. शांत प्रसंगांत त्याची घरघर ऐकू येत नाही.

ड्रायव्हरच्या बाबतीत मी काटकसर केली आणि ती अंगाशी आली. स्थिर विद्युतप्रवाह देणारा ड्रायव्हर न घेता मी ठरावीक व्होल्टेज देणारा जुना पुरवठा जोडला होता. चिप तापली की तिला त्याच व्होल्टेजवर अधिक प्रवाह जातो, त्यामुळे ती आणखी तापते, आणि हे चक्र थांबत नाही. पाचव्या महिन्यात एके संध्याकाळी पडद्याची एक बाजू किंचित मंद वाटली. चिप पूर्ण तेजात असताना तिच्याकडे थेट पाहणे डोळ्यांना घातक असल्यामुळे मी प्रवाह अगदी कमी करून काळ्या काचेतून पाहिले, तर दहा ओळींपैकी एक पूर्ण विझलेली होती. एका ओळीतील दहा ठिपके एकामागोमाग जोडलेले असल्याने एक तुटला की सगळी ओळ जाते.

नवी चिप बसवताना स्थिर प्रवाहाचा ड्रायव्हर घेतला आणि ३ अँपिअरची क्षमता असूनही तो २.१ अँपिअरवर ठेवला. म्हणजे वापर सुमारे ६७ वॅट; उजेडातला फरक शेजारी शेजारी तुलना केल्याशिवाय जाणवत नाही. स्वस्त चिपमध्ये लाल रंग फिका पडतो, त्यामुळे त्वचेचे रंग थोडे निळसर आजारी दिसतात. प्लेअरमध्ये लाल थोडा वाढवून आणि निळा उतरवून मी ते बरेचसे सुधारले आहे. चित्राचे चार कोपरे मात्र अजूनही मध्यापेक्षा मंद आहेत. चिप भिंगापासून चार-पाच मिलिमीटर पुढेमागे सरकवून पाहणे एवढेच सध्या चालू आहे, आणि दर वेळी कोपरे सुधारले की मध्यभाग थोडा उतरतो.