रोटरी की गुरुदेव सेवा मंडळ?

भाच्याने आर्वीत कृषी केंद्र टाकलं. आता विचारतो, "मामाजी, रोटरीत जाऊ का गावच्या गुरुदेव सेवा मंडळात?"

तत्त्व दोन्हीकडे एकच, स्वतःआधी सेवा. रोटरीची चार प्रश्नांची कसोटी मला आवडते: हे खरं आहे का, सगळ्यांना न्याय्य आहे का, यातून मैत्री वाढेल का, सगळ्यांचं भलं होईल का? हर्बर्ट टेलर यांनी १९३२ मध्ये शिकागोतल्या एका बुडत्या भांडी कंपनीसाठी ती लिहिली. म्हणजे मुळात धंदेवाल्याचीच. बियाणं विकताना पहिल्याच प्रश्नाला घाम फुटतो म्हणा!

गुरुदेव सेवा मंडळ काढणाऱ्या मोझरीच्या तुकडोजी महाराजांची वाट वेगळी: ग्रामसफाई, श्रमदान, सामुदायिक प्रार्थना. इथं प्रश्न कमी, झाडू जास्त.

खर्चाचं म्हणशील तर रोटरीत वर्गणी नि जेवणं. मंडळात खिसा कमी, अंग जास्त लागतं. आवाका मात्र रोटरीचा मोठा. पोलिओविरुद्ध ती १९८५ पासून जगभर लढते आहे.

दुकान सांभाळून मोठ्या कामाला हातभार लावायचा, ओळखीही वाढवायच्या, तर रोटरी. रोज संध्याकाळी गावातच असशील तर मंडळ. सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत हजेरी दोन्हीकडे पातळच असते.