ओरॅकलहून पोस्टग्रेसवर: कळमन्याच्या पट्टीवरील दशांश आणि नागपुरातील एक सेवा

आमची आडत नागपूरच्या कळमना या शेतमालाच्या बाजारात आहे. शेतकऱ्याला दिल्या जाणाऱ्या पट्टीवर वजन, भाव, हमाली, तोलाई आणि निव्वळ रक्कम असते. त्यातील एखादे शून्य जरी वेगळे दिसले तरी तो थांबून विचारतो, आणि त्याचे विचारणे रास्तच असते. आमचा जुना ओरॅकल डेटाबेस पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेस प्रणालीवर नेण्याचे काम आम्ही नागपुरातीलच एका लहान संस्थेला दिले होते.

स्थलांतर एका रविवारात, एकही नोंद न गमावता पार पडले. सोमवारी पट्ट्या छापल्या तेव्हा मात्र एकाच रकान्यात जुनी वजने १२.५ आणि नवी १२.५० अशी उमटली. ओरॅकलमध्ये आकडे साठवण्याचा नंबर हा प्रकार शेवटची शून्ये जपत नाही. पोस्टग्रेसचा न्यूमरिक प्रकार, दशांशस्थळे ठरवून दिलेली नसतील तर, आकडा जसा लिहिला तसाच ठेवतो. किंमत एकच, पण शेतकऱ्याच्या हातात कागद असतो.

संस्थेचा पहिला उपाय मला पटला नाही. त्यांनी केवळ छपाईच्या वेळी आकड्याला साच्यानुसार मजकुराचे रूप देणारे टू_चार फंक्शन लावले आणि त्या साच्यात, आघाडीच्या रिकाम्या जागा व शेवटची शून्ये गाळणाऱ्या एफएम खुणेसह, सर्वत्र ९ लिहिले. परिणामी १२५० रुपये ‘१२५०.’ असे लटकत्या टिंबासह आले आणि भिवापुरी मिरचीचे पाऊण क्विंटल ‘.७५’ झाले. एककस्थानी आणि टिंबानंतर ० लिहिल्यावर दिसणे सुधारले, लाख-कोटींचे स्वल्पविरामही साच्यातच बसले. पण साठवण तशीच विस्कळीत होती.

दुसऱ्या भेटीत आलेल्या अभियंत्याने खरे काम केले. रुपये आणि क्विंटल या दोन्हींना त्याने दोन दशांशस्थळे बांधून दिली. क्विंटलचा शंभरावा भाग म्हणजे एक किलो, त्यामुळे वजनाला तेवढी पुरतात. असा बदल करताना दोन दशांशस्थळांपुढचे अंक राउंड होऊन जातात, म्हणून त्याने आधी प्रत्येक रकान्याची बेरीज काढून ठेवली आणि नंतर ताडून पाहिली. त्याच तपासणीत हमालीचा दर डबल प्रिसिजन या, दशांश अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात गेल्याचे सापडले, ज्यात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी येते. पैशांसाठी तो प्रकार कधीच निवडू नये, आणि अनुभवी संस्थेकडून ही चूक व्हायला नको होती.

या भेटीचे वेगळे शुल्क त्यांनी घेतले नाही. मी त्यांना पाचपैकी चार गुण देतो. काम सोपवण्यापूर्वी पैसे आणि वजनाच्या प्रत्येक रकान्याचा नवा प्रकार व दशांशस्थळे त्यांच्याकडून लेखी मागून घ्यावीत. आम्ही ती मागितली नव्हती.