चावी हातात न घेता कुलूप लावायचं: बोटो-३ मधून एडब्ल्यूएस केएमएस

पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी बॅकएंड सांभाळते. एचआयव्ही, थायरॉइड, गरोदरपणातल्या चाचण्या, असे सगळे रिपोर्ट आमच्या डेटाबेसमधून जातात. ते एन्क्रिप्ट करायचे, म्हणजे चावीशिवाय वाचता येणार नाहीत असे करायचे, हे ठरलेलंच होतं, पेच होता तो चावी कुठे ठेवायची याचा. सर्व्हरवरच्या एन्व्ह फाइलमध्ये (प्रोग्रामच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) ठेवली, तर ज्याच्या हाती सर्व्हर लागला त्याच्या हाती सगळंच लागलं. म्हणून आम्ही ॲमेझॉनच्या क्लाउडचं, म्हणजे एडब्ल्यूएसचं, चाव्या सांभाळणारं केएमएस घेतलं आणि त्याच्याशी बोलायला पायथॉनची बोटो-३ लायब्ररी.

यातली मला सर्वांत पटलेली गोष्ट म्हणजे मुख्य चावी आपल्याला कधी मिळतच नाही. क्रिएट की म्हटलं की परत येतो तो फक्त चावीचा आयडी आणि तिची माहिती. चावी केएमएसच्या एचएसएममध्ये, म्हणजे चाव्यांसाठीच्या खास सुरक्षित उपकरणात, तयार होते आणि उघड्या रूपात तिथून बाहेर पडत नाही. लायब्ररीत ती मागण्याची सोयच ठेवलेली नाही. कुणाला कितीही अधिकार दिलेले असोत, नोकरी सोडताना चावी पेनड्राइव्हवर टाकून नेणं त्याला शक्य नाही.

लायब्ररी वापरायला घेतली की पहिली अडचण येते ती मापाची. एन्क्रिप्ट या मेथडला एका वेळी जास्तीत जास्त ४,०९६ बाइट चालतात. पासवर्ड किंवा टोकन बसेल, रिपोर्टची पीडीएफ बसणार नाही. त्यासाठी जनरेट डेटा की ही मेथड आहे. तिला चावीचा आयडी आणि एईएस-२५६ ही एन्क्रिप्शनची पद्धत सांगितली की उत्तरात दोन गोष्टी येतात: ३२ बाइटची उघडी डेटा की आणि तीच मुख्य चावीने बंद केलेली. उघडीने आपल्याच सर्व्हरवर पीडीएफ एन्क्रिप्ट करायची, काम झालं की ती टाकून द्यायची, आणि बंद केलेली पीडीएफशेजारी डेटाबेसमध्ये ठेवायची. उघडायच्या वेळी बंद डेटा की डिक्रिप्ट मेथडला द्यायची. पीडीएफ स्वतः केएमएसपर्यंत जातच नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. पायथॉनमध्ये बाइट्स बदलता येत नाहीत, त्यामुळे उघडी डेटा की मेमरीतून खात्रीने पुसता येत नाही. म्हणून ती लॉगमध्ये किंवा कॅशमध्ये जाणार नाही याची काळजी आपणच घ्यायची.

आता एन्क्रिप्शन कॉन्टेक्स्टबद्दल, कारण हा पर्याय बरेच जण रिकामा सोडतात आणि मला त्याची खरोखर हळहळ वाटते. एन्क्रिप्ट करताना सोबत छोटी डिक्शनरी (नाव आणि मूल्य अशा जोड्या) देता येते. आम्ही लॅबचा कोड आणि रिपोर्ट क्रमांक देतो. डिक्रिप्ट करताना तीच माहिती जशीच्या तशी द्यावी लागते, अक्षर लहान-मोठं झालं तरी चालत नाही. समजा कुणी डेटाबेसमध्ये एका रुग्णाची बंद डेटा की दुसऱ्याच्या ओळीत चिकटवली, तर कॉन्टेक्स्ट जुळत नाही आणि केएमएस ती उघडायला नकार देतं. शिवाय कुणाला काय करता येईल हे ठरवणाऱ्या पॉलिसीतही हा कॉन्टेक्स्ट अट म्हणून घालता येतो: या रोलने (म्हणजे अधिकार दिलेल्या ओळखीने) फक्त या लॅबचे रिपोर्ट उघडावेत.

एडब्ल्यूएसमध्ये कुणी काय केलं ते टिपणाऱ्या क्लाउडट्रेलच्या नोंदीतही ही माहिती येते. एका डॉक्टरांनी मला विचारलं होतं, "मॅडम, आमचे रिपोर्ट तुमच्याकडे कोण उघडून बघतं ते कळतं का?" कळतं. कोणत्या रोलने, किती वाजता, कोणत्या रिपोर्टसाठी डिक्रिप्ट मागितलं ते दिसतं. इव्हेंट हिस्टरीत ९० दिवस मिळतं, त्यापुढचं हवं तर ट्रेल (नोंदी पुढेही जपण्याची सोय) लावून एसथ्रीत, म्हणजे एडब्ल्यूएसच्या फाइल साठवणीत, साठवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी व्यवस्था न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, तेव्हा अशी नोंद हाताशी असणं मोलाचं. मात्र कॉन्टेक्स्ट तिथे उघडाच छापला जातो. रुग्णाचं नाव, मोबाइल, आधार त्यात अजिबात घालू नका.

आता खटकणाऱ्या बाजू. कॉन्टेक्स्ट चुकला की इनव्हॅलिड सायफरटेक्स्ट एक्सेप्शन (त्रुटी) येतं, आणि त्यापुढे कारण म्हणून काहीही लिहिलेलं नसतं. हल्लेखोराला धागा मिळू नये यासाठी हे योग्यच, पण नव्या माणसाला हे कुणीतरी आधी सांगायला हवं. एन्क्रिप्टला एलियस (चावीचं टोपणनाव) चालतो, चावी डिसेबल करायला मात्र खरा आयडी लागतो. ड्राय रन (प्रत्यक्ष काम न करता नुसती चाचणी) लावून परवानगी तपासली, तर सगळं बरोबर असतानाही उत्तर एक्सेप्शन म्हणूनच येतं. रीजन (डेटा सेंटरचं ठिकाण) मुंबईऐवजी हैदराबाद राहिलं तर चावी सापडतच नाही. आणि डेटा कीचा वर सांगितलेला सगळा व्यवहार बोटो-३ तुमच्यावर सोडते, नॉन्स (प्रत्येक एन्क्रिप्शनला एकदाच वापरायची संख्या) सांभाळण्यापासून. क्रिप्टोग्राफीचा हात नसलेल्या टीमने सरळ एडब्ल्यूएस एन्क्रिप्शन एसडीके घ्यावा. तो बंद डेटा की आणि मजकूर एकाच संदेशात बांधून देतो.

खर्च किरकोळ आहे. एका चावीला महिना १ डॉलर, दर १०,००० विनंत्यांना ३ सेंट, महिन्याच्या पहिल्या २०,००० फुकट. महिन्याला १ लाख विनंत्या धरल्या तरी त्यांचे २४ सेंट होतात. रोटेशन (चावीचं आतलं साहित्य ठरावीक काळाने बदलणं) चालू केलं तर पहिल्या दोन वेळा महिन्याला एकेक डॉलर वाढतो, पुढे नाही. रोटेशन झालं तरी जुना डेटा उघडतो, कारण जुनं साहित्य केएमएस जपून ठेवतं.

फाइल नुसत्या एसथ्रीत ठेवायच्या असतील तर या लायब्ररीची गरज नाही, बकेटवर (एसथ्रीतल्या फाइलींच्या कप्प्यावर) केएमएसचं एन्क्रिप्शन चालू करा, पुरे. डेटाबेसमधले रकाने किंवा स्वतंत्र कागद एकेक करून जपायचे असतील तर मी बोटो-३ नक्की सुचवेन. फक्त शेड्यूल की डिलीशनचा (चावी मिटवायची वेळ लावण्याचा) अधिकार ॲप्लिकेशनच्या रोलला देऊ नका. मुदत ७ ते ३० दिवसांची असते, न सांगितल्यास ३०. त्या काळात रद्द करता येतं, पण परत आलेली चावी डिसेबल अवस्थेत असते, ती पुन्हा एनेबल करावी लागते. मुदत संपली की त्या चावीखालचा एकही रिपोर्ट उघडत नाही, आणि त्यावर एडब्ल्यूएसकडेही काही उपाय नाही.