जर्मनीतला पब्लिक इन्शुरन्स: अचानक झालेलं ऑपरेशन आणि नंतरचे आठ महिने

विद्यार्थी म्हणून घेतलेला जर्मन पब्लिक इन्शुरन्स (सार्वजनिक आरोग्य विमा), त्यावर झालेलं अपेंडिक्सचं तातडीचं ऑपरेशन आणि पुढचे आठ महिने, एवढ्या वापरावर हे लिहितो आहे. नागपुरातून यंदा जाणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठी. मत आधीच सांगतो: पैशाच्या बाजूने हे विम्याचं कार्ड दगा देत नाही. अडतं ते सह्यांच्या कागदांवर, भाषेवर आणि हॉस्पिटलमधून सुट्टी मिळाल्यानंतरच्या दोन आठवड्यांत. यातली बरीच तयारी नागपुरातूनच करून निघता येते.

नागपुरातल्या धंतोली-रामदासपेठेत पेशंट भरती करायचा म्हटलं की घरचा एक जण आधी डिपॉझिटच्या काउंटरवर उभा असतो. जर्मनीत पब्लिक इन्शुरन्सवाल्याला डिपॉझिट मागत नाहीत. फोटो असलेलं कार्ड मशीनमध्ये घालतात, बस. कार्ड अजून पोस्टाने आलं नसेल तर विमा कंपनीकडून 'एर्झात्सबेशायनिगुंग' नावाचा बदली दाखला मागवायचा; तो चालतो. पेशंटचा वाटा दिवसाला १० युरो, तोही वर्षात जास्तीत जास्त २८ दिवसांचा. भरतीचा आणि सुट्टीचा असे दोन्ही दिवस मोजतात, म्हणजे सोमवारी भरती आणि गुरुवारी सुट्टी झाली तर ४० युरो. अँब्युलन्सचे ५ ते १० युरो वेगळे. बिल पोस्टाने घरी येतं आणि इथेच मुलं चुकतात: शेअरिंगच्या घरात पत्रपेटीवर तुमचं नाव चिकटवलेलं नसेल तर पत्र परत जातं आणि पुढे स्मरणपत्राचा दंड लागू शकतो. पहिल्याच दिवशी नावाची पट्टी लावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. भरतीच्या वेळी सहीसाठी जे कागद येतात त्यात ऑपरेशनची माहिती, भुलीची माहिती, भरतीचा करार असं सगळं एकत्र असतं. त्याच गठ्ठ्यात 'वाललाइस्टुंगेन' असं शीर्षक दिसलं तर थांबा. ही मोठ्या डॉक्टरांकडूनच उपचार किंवा स्वतंत्र खोली अशी ऐच्छिक सोय आहे. तिचा खर्च पब्लिक इन्शुरन्स देत नाही; सही केली की तेवढ्या भागापुरते तुम्ही खासगी पेशंट होता. पोटात कळ असताना माणूस समोर येईल तिथे सही करतो, म्हणून हा एक शब्द पाठच करून जा. सही न केल्याने उपचारात काही कमी होत नाही. सही केलेल्या माहितीपत्राची प्रत मिळणं हा तिथल्या कायद्याने दिलेला हक्क आहे, ती मागून घ्या.

डॉक्टर बहुतेक इंग्रजी बोलतात, रात्रीच्या नर्स बोलतीलच असं नाही. दुभाष्याचा खर्च विमा देत नाही. जर्मन येणारा एक मित्र फोनवर तयार असावा. वेदना ० ते १० या आकड्यात विचारतात, आणि इथे आपली सवय नडते. आपण 'होतंय सहन' म्हणतो, ३ सांगतो, आणि औषधही ३ पुरतंच मिळतं. दुखणं ७ असेल तर ७ सांगा. दुसरं, औषधांची भारतीय ब्रँड नावं तिथे कोणी ओळखत नाही. क्रोसिन नव्हे, पॅरासिटामॉल. नियमित गोळ्या, ॲलर्जी, आधीची ऑपरेशनं हे सगळं मूळ औषधाच्या नावासह एका पानावर टाइप करून पासपोर्टसोबत ठेवा; नागपुरातल्या आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून ते पान तपासून घेता येतं.

जीवघेणं वाटलं तर ११२. दवाखाने बंद असताना साध्या दुखण्यासाठी ११६११७. बेंबीजवळ सुरू झालेली कळ उजवीकडे खाली सरकली, सोबत ताप किंवा उलटी असेल, तर घरी ओवा-हिंग करत बसू नका. सरळ इमर्जन्सी गाठा आणि जाताना काही खाऊ नका, भूल द्यायची तर पोट रिकामं लागतं. तिथे नंबर येण्याच्या क्रमाने नाही, गांभीर्याने लागतो. त्यामुळे ताटकळावं लागलं तर बसून राहा, पण दुखणं वाढलं की उठून सांगा.

वॉर्डमध्ये सोबतीला माणूस ठेवत नाहीत, सगळं नर्स बघतात. साबण, टॉवेल, चपला, चार्जर आपलाच. संध्याकाळचं जेवण म्हणजे थंड ब्रेड आणि चीज. शाकाहारी असाल तर भरतीच्या वेळीच लिहून घ्यायला सांगा.

दुर्बिणीचं ऑपरेशन सरळ झालं तर साधारण दोन-चार दिवसांत घरी सोडतात, आणि खरी परीक्षा तिथून सुरू होते. पोटात भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे एक-दोन दिवस खांदा दुखतो. पोट आणि छाती यांच्यामधल्या पडद्याला त्रास होतो आणि ती कळ खांद्यात जाणवते, घाबरू नका. वेदनेसाठी तिथे मेटामिझोल सर्रास देतात. ते घेत असताना ताप, घसादुखी किंवा तोंडात फोड आले तर गोळी बंद करून लगेच डॉक्टरांकडे जा. क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायक कमी होतात. वजन किती आणि किती दिवस उचलायचं नाही ते सुट्टीच्या वेळी विचारून लिहून घ्या, कारण लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर पाण्याचा क्रेट तुम्हालाच न्यायचा असतो. टाके आणि जखम बघायला 'हाउसआर्ट्स्ट', म्हणजे फॅमिली डॉक्टर लागतो. बरेच जण नवे पेशंट घेत नाहीत, म्हणून आजारी पडायच्या आधीच, पोहोचल्या महिन्यात नाव नोंदवा. काढलेलं अपेंडिक्स तपासणीला जातं. तो रिपोर्ट मागून घ्यायला विसरू नका. परीक्षा बुडाली तर डॉक्टरांचा दाखला परीक्षा कार्यालयात ताबडतोब द्यावा लागतो. नोकरी असेल तर आजारपणाची नोंद २०२३ पासून मालकाला ऑनलाइन मिळते, पण फोन करून कळवणं तुमच्याकडेच आहे.

हे कार्ड सगळ्यांना मिळत नाही. विद्यार्थी दर वयाच्या तिशीपर्यंतच. नुसता भाषेचा कोर्स किंवा श्टुडीयनकोलेग (विद्यापीठ प्रवेशाआधीचा तयारीचा कोर्स) करणाऱ्यांना तो लागू नाही, त्यांना खासगी विमा घ्यावा लागतो. स्वस्त खासगी पॉलिसीत बऱ्याचदा आधी स्वतः पैसे भरून मग परतावा मागायचा असतो, आणि ब्लॉक्ड अकाउंटमधून (व्हिसासाठी आधी पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून) महिन्याला ९९२ युरोच सुटतात. ऑपरेशनचं बिल त्यातून कसं निघणार? शिवाय पहिल्या तीन महिन्यांत पब्लिकमधून सूट घेऊन खासगीकडे गेलात तर शिक्षण संपेपर्यंत परतता येत नाही. महिन्याचे थोडे युरो वाचतात म्हणून हा निर्णय घेऊ नका, हे कळकळीने सांगतो.

आईबाबांसाठी एक गोष्ट. मूल १८ वर्षांचं झालं की तिथला डॉक्टर पालकांनाही फोनवर काही सांगत नाही. नवरा-बायकोला तातडीच्या वेळी एकमेकांसाठी निर्णय घ्यायचा अधिकार २०२३ पासून कायद्याने आहे, पालकांना तसा नाही. त्यासाठी 'फोरझोर्गेफोलमाख्ट' हा अधिकारपत्राचा कागद मुलाने आधीच भरून ठेवावा. माहिती कोणाला द्यायची ते भरतीच्या वेळी लिहूनही देता येतं. नागपूरची वेळ हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे असते. डॉक्टरांचा राउंड सकाळी लवकर होतो, म्हणून नागपूरहून फोन दुपारी एकनंतर करा. तेव्हा मुलाकडे सांगायला काहीतरी असतं.