म्हापशातील हेलिकॉप्टर दुरुस्ती: दोष रिसीव्हरचा नव्हताच
बेल्टवर शेपटीचा पंखा फिरवणारे माझे रिमोट हेलिकॉप्टर पावसाळ्यात निमूट उडत असे, पण जानेवारीतल्या कोरड्या हवेत त्याचा टेल सर्व्हो (शेपटीच्या पंख्याची पाती वळवणारी छोटी मोटर) मध्येच थरथरू लागे, त्यामुळे मी उगाच रिसीव्हरला (रिमोटचे संकेत पकडणाऱ्या भागाला) दोष देत राहिलो. म्हापसा बाजारामागच्या दुकानातील कारागिराने नवा रिसीव्हर गळ्यात न मारता मल्टिमीटर लावून टेल बूम (शेपटीची धातूची नळी) आणि मोटरची बैठक यांच्यात विद्युत जोडच नसल्याचे दाखवले. रबरी बेल्ट पुलीवर घासून साठलेला स्थिर विद्युतभार ठिणगीवाटे सुटतो आणि त्या धक्क्याने २.४ गिगाहर्ट्झचा रिसीव्हरही गोंधळतो, हे त्याने समजावले. मग बूमवरचा अ‍ॅनोडायझिंगचा वीज अडवणारा थर नखाएवढा खरवडून त्याने तांब्याची तार बैठकीला जोडली. त्यानंतरच्या ८ उड्डाणांत थरथर जाणवली नाही. मात्र ‘उद्या या’ हे तीनदा ऐकावे लागले आणि पावतीही मागूनच घ्यावी लागली.